साक्षीची किंमत आणि श्रमाचा मोबदला

धुळ्यातील एका यंत्रमाग कामगाराने जुम्याच्या नमाजनंतर विचारले, “मौलानासाहेब, माझा हात किती टक्के निकामी झाला, हे लिहून देण्याचे पैसे घेणे जायज आहे काय?” मालकाने पाठविलेल्या डॉक्टरने तपासणी फुकट केली होती आणि अपंगत्व अल्प ठरविले होते. दुसऱ्या मताची फी मात्र त्याच्या ऐपतीबाहेर होती.

कामगार नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याने घालून दिलेली रीत अशी: अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के घटली, असे धरावे; यादीत नसलेल्या इजांबाबत डॉक्टरने अंदाज सांगावा. मालकाने विनामूल्य तपासणी देऊ केली, तर कामगाराने ती करून घ्यावी. इस्लामी फिकहनेही हाच भेद केला आहे. काही इजांची भरपाई निश्चित आहे. उरलेल्यांची जाणकारांच्या न्याय्य अंदाजाने ठरते. तिला ‘हुकूमते अद्ल’ म्हणतात.

म्हणजे असा डॉक्टर साक्षीदाराच्या जागी उभा असतो. पवित्र कुरआनने साक्ष लपविण्यास मनाई केली आहे, तशीच साक्षीदाराला त्रास देण्यासही केली आहे (सूरह अल-बकरा, 282-283). म्हणून डॉक्टरच्या वेळेचा व श्रमाचा मोबदला हा त्याचा हक्कच आहे. परंतु तो मोबदला तपासणीचा असावा, टक्क्यांचा नव्हे. टक्के पाहून घेतलेली फी ही साक्षीची किंमत होय, आणि साक्ष विकणे हराम आहे.

मग दर कोणी ठरवावा? इमाम मर्गीनानी यांनी बाराव्या शतकात ‘हिदाया’ या ग्रंथात मालमत्तेची वाटणी करणाऱ्या ‘कासिम’विषयी याचा विचार केला आहे. त्याचे वेतन बैतुलमालातून द्यावे. ते शक्य नसेल, तर पक्षकारांनी द्यावे. पण काजीने रास्त दर ठरवावा, लोकांना एकाच कासिमकडे जाण्यास भाग पाडू नये आणि कासिमांना भागीदारी करून दर चढवू देऊ नये.

जळगावच्या डाळमिलीतील किंवा धुळ्याच्या मागावरील जखमी हाताला हेच नियम लावावेत. फी ठरलेली व जाहीर असावी, ती निकालावर अवलंबून नसावी आणि निर्धनाचा भार सरकारी तिजोरीने उचलावा. तोवर अशा भावाची फी भरणे हे जमातीचे कर्तव्य आहे. आपल्यात कारखानदारही आहेत. टक्के कमी लिहील असा डॉक्टर शोधणाऱ्याने लक्षात ठेवावे की, कयामतच्या दिवशी तोच हात साक्ष देईल.

त्या तरुणाला मी म्हणालो, “श्रमाचे पैसे जायज आहेत, पण ते तुझ्या एकट्याच्या खिशातून जावेत, हा न्याय नव्हे.”

अल्लाह आम्हां सर्वांना खरी साक्ष देण्याचे बळ देवो. आमीन.