वाटीतलं सोनं

फेशियलला आडवं होण्याआधी बाई मंगळसूत्र काढते, कानातले काढते, घट्ट बसलेली अंगठी साबण लावून ओढते आणि मी पुढे केलेल्या स्टीलच्या वाटीत सगळं ठेवते. मग डोळ्यांवर गुलाबपाण्याचा कापूस ठेवून ती पाऊण तास पडून असते. गळा उघडा, डोळे मिटलेले, आणि वाटी माझ्या ट्रॉलीवर. नागपुरात इंदोऱ्याला माझं पार्लर आहे, त्याला 22 वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्या वाटीचा मी कधी वेगळा विचार केला नव्हता.

मागच्या पावसाळ्यात एक बाई काम मागायला आली. वय बत्तीस. तिचा थ्रेडिंगचा हात बघितला. दोरा असा चालत होता की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आधी कुठल्या पार्लरमध्ये होतीस, असं विचारलं. तिने दोरा गुंडाळून ठेवला.

“पार्लरमध्ये नव्हते, ताई. दोन वर्षं आत होते. तिथेच शिकले.”

ज्या घरी ती स्वयंपाकाला जायची तिथल्या पाटल्या तिने उचलल्या होत्या. नवऱ्याच्या आजारपणाचं कर्ज होतं. ते तिने सांगितलं, पण कारण म्हणून पुढे केलं नाही. “लपवून काय करू? उद्या दुसरं कोणी सांगून राहिलं असतं तुम्हाला.”

आमच्याकडे भुवया कोरायला परदेशातल्यासारखा वेगळा परवाना लागत नाही. दुकानाची नोंद करायची. माणसं थोडी असतील तर 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे नुसती सूचना द्यायची. पण घरोघरी जाऊन नवरी सजवायची, मेहंदी-वॅक्स करायचं, तर आता मोठ्या सोसायट्यांच्या दारावर पोलिसांचा कागद मागतात. त्या कागदाचं नाव आहे चारित्र्य पडताळणी. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा द्यायचा; नोंदवहीत गुन्हा आहे की नाही ते पोलीस बघतात.

मी तो अर्ज तिच्यासाठी भरायला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडकले. चारित्र्य! गुन्हा नोंदवला गेला का, एवढंच ज्याला ठाऊक आहे त्या कागदाने एवढा मोठा शब्द का घ्यावा? रोज विहारात पंचशील म्हणणाऱ्या आम्हा लोकांना माहीत आहे की शील ही रोज पाळायची गोष्ट आहे. काल पाळलं म्हणून आजचं सुटत नाही, आणि काल मोडलं म्हणून आज पाळता येत नाही असंही नाही. आणि ज्याच्या हातून घडलं पण जो सापडला नाही, त्याचा कागद कोराच निघतो. याच देशात 1871च्या कायद्याने अख्ख्या जमातींचं चारित्र्य त्यांच्या जन्मावरून ठरवलं होतं. तो कायदा 1952 साली गेला, पण पारध्याचं पोर गल्लीत दिसलं की लोक अजून दाराची कडी तपासतात. म्हणून या शब्दाची मला भीती वाटते.

पण भीती वाटते म्हणून विचारूच नये, असं मात्र मला म्हणता येईना. डोळे मिटून पडलेल्या बाईची वाटी माझ्या भरवशावर आहे. तिने काही विचारलं नाही तरी तिच्या वतीने मी विचारायला हवं.

वर्षावास सुरू होता. आमच्या विहारात रोज संध्याकाळी बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. त्यात उपाली न्हाव्याची दीक्षा आली, दरोडेखोर अंगुलिमालाचीही आली. दोन्ही गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आले. या वेळी मात्र घरी येऊन विनयपिटकाचं, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथाचं, भाषांतर काढून बसले.

उपाली शाक्य राजपुत्रांचा न्हावी. राजपुत्र भिक्खू व्हायला निघाले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने उतरवून गाठोडं बांधलं आणि त्याला दिलं, की जा, यावर तुझं पोट चालेल. तो परत निघाला आणि वाटेत त्याच्या मनात आलं की शाक्य तापट आहेत, पोरांना मीच मारलं असं म्हणून ते माझा जीव घेतील. त्याने गाठोडं झाडाला टांगलं, ज्याला दिसेल त्याने न्यावं म्हणून सोडून दिलं, आणि राजपुत्रांमागे गेला. त्याला आधी दीक्षा द्या म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा गर्व उतरेल, असं राजपुत्रांनीच बुद्धांना विनवलं. ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेन, पण ते गाठोडं माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. खुशीने दिलेलं सोनंसुद्धा न्हाव्याच्या हातात दिसलं तर लोक काय म्हणतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आमच्या धंद्यात ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. पार्लरमध्ये कानातलं हरवलं की पहिली नजर मुलींकडे जाते, मग ते गिऱ्हाइकाच्याच पर्समध्ये का सापडेना.

हाच उपाली पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत बसला. महाकाश्यप विचारत गेले आणि विनयाचे नियम तो सांगत गेला. त्याच विनयात एक नियम आहे, तो मला बरेच दिवस टोचत राहिला. अंगुलिमाल भिक्खू झाल्यावर त्याला बघून लोक घाबरून पळू लागले, दारं लावू लागले, आणि उघड दरोडेखोराला हे श्रमण दीक्षा देतातच कशी, अशी तक्रार झाली. तेव्हा बुद्धांनी ठरवलं की इथून पुढे नामांकित चोराला दीक्षा द्यायची नाही. त्याच्या पुढेच तुरुंग फोडून आलेला येतो, आणि ‘लिखितक’ चोर येतो, म्हणजे ज्याचं नाव राजवाड्यात लिहून ठेवलं आहे तो. आणि मग फटक्यांची शिक्षा भोगलेला! शिक्षा भोगून झालेल्यालाही दार बंद.

मला वाईट वाटलं. माझ्या बुद्धाने असं का करावं? पुन्हा वाचलं. हा माणूस बदलू शकत नाही, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. अंगुलिमालाला संघातून काढलेलं नाही. कारण दिलं आहे ते लोकांच्या तक्रारीचं, आणि संघ तर लोकांच्याच भिक्षेवर जगत होता. नियम संघाच्या दाराचा होता, दाराबाहेर उभ्या माणसाचा निवाडा त्यात नव्हता. शिवाय दीक्षा मिळाली नाही तर माणूस उपासक राहून, कष्ट करून जगू शकत होता. तिला मी काम नाकारलं तर तिने काय खावं? अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. कोणी कामच दिलं नाही तर ते पाऊल तिने टाकायचं कुठे? म्हणून संघाच्या दारावरचा तो नियम उचलून पोटाच्या दारावर लावता येत नाही, असं माझं मत झालं.

मग पसेनदी राजाचा प्रसंग वाचला. पाचशे घोडेस्वार घेऊन तो अंगुलिमालाला पकडायला निघाला होता. बुद्धांनी विचारलं, तो मुंडण करून, चीवर घालून, शीलाने राहताना दिसला तर काय कराल? राजा म्हणाला, वंदन करू, रक्षण करू. तेव्हा बुद्धांनी उजवा हात पुढे करून जवळच बसलेल्या माणसाकडे बोट दाखवलं: हाच तो. राजाच्या अंगावर काटा आला. बुद्धांनी त्याला धीर दिला, पण ओळख लपवली नाही. पुढे भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालाला लोकांचे दगड लागले, डोकं फुटलं, पात्र फुटलं, आणि बुद्धांनी त्याला ते सोसायला सांगितलं. क्षमा झाली म्हणून फळ टळलं नाही. पण तो बसला होता बुद्धांच्या शेजारी.

मला जे हवं होतं ते त्या पुढे केलेल्या हातात सापडलं. कागद जामीन राहत नाही, माणूस राहतो. नोंद खरी असेल तर ती सांगायची, पण सांगणाऱ्याने शेजारी बसलेलं असायला हवं.

मी तिला कामावर घेतलं. कागद मागणाऱ्या सोसायट्यांत तिला नेत नाही, खोटं काही लिहून देत नाही. पार्लरमध्ये वाटी आता गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या उशाशी असते, मी काम करत असले तरी. घरच्या कामाला मी तिला एकटी पाठवत नाही, आणि तिला विचारून घरच्यांना आधी फोन करते. “सांगा, ताई,” ती म्हणते. दोन घरांनी ऑर्डर रद्द केली. त्यांच्यावर माझा राग नाही.

डिसेंबरात वर्धा रोडच्या एका बंगल्यात नवरीचं काम होतं. तिच्या आईला फोनवर सगळं सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग त्यांनी विचारलं, “तुम्ही पूर्ण वेळ असाल ना?” मी म्हटलं, पूर्ण वेळ.

त्या दिवशी आई दागिन्यांचा डबा मांडीवर घेऊन पलंगावर बसल्या आणि तीन तास उठल्या नाहीत. माझ्याकडे कामाला असलेली ती बाई अंबाडा बांधत होती, पिना खोवत होती. हात मागे करून म्हणायची, “काकू, आता बिंदी द्या.” आई डबा उघडून बिंदी काढायच्या, तिच्या तळहातावर ठेवायच्या आणि झाकण लावायच्या. मग बुगड्या मागितल्या, मग ठुशी. नथीच्या वेळी फासा ढिला होता. तिने ती उजेडात धरून बघितली, दाताखाली अलगद दाबली आणि म्हणाली, “काकू, ही मांडवात पडेल. आधी सोनाराकडून आवळून आणा.” आई उठल्या. डबा पलंगावर ठेवला, आणि नथ घेऊन खाली मोठ्या मुलाला हाक मारायला गेल्या.