आधी केंद्र, मग बोल्ट

या मननाला डोळे मिटायची गरज नाही. निवांत बसा, श्वास त्याच्या गतीनं चालू द्या आणि एक खोललेली जीप मनापुढे आणा. परभणीत जिंतूर रोडला म्हणा, गंगाखेड रोडला म्हणा, एखाद्या जुन्या गॅरेजात ती उभी आहे. बॉनेट भिंतीला टेकवून ठेवलंय. इंजिन चेनपुलीला टांगलंय. गिअर बॉक्स दोन लाकडी ठोकळ्यांवर आहे. पत्र्याच्या ट्रेमध्ये सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, क्लच प्लेट, मूठभर बोल्ट आणि दोन छोट्या डॉवेल पिना पडल्या आहेत. आज गाडी सुरू करायची नाही. हे सुटे भाग एकमेकांचे कसे होतात, एवढंच सावकाश पाहायचं आहे.

आधी त्यांची कुळं ओळखून घेऊ. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपांत पेट्रोल इंजिन असायचं. वर्षं गेली, आणि त्या जीपा लिलावांतून, हस्ते-परहस्ते गावोगावी पोचल्या. पावसाळ्यात परभणीच्या काळ्या मातीचा चिखल चाकाला धरून बसतो. जिंतूरकडच्या चढांवर, शेतातल्या गाडवाटेवर चारही चाकांची ओढ असलेली गाडीच निघते. म्हणून जीप टिकली. पण तिचं पेट्रोल परवडेनासं झालं, तेव्हा जुन्या चॅसीवर डिझेल इंजिन बसवायची रीत महाराष्ट्रभर रुळली. आपल्या मनातल्या जीपला ऐंशीच्या दशकातल्या एमएम ५४० मधलं प्यूजो इंजिन आलंय, २११२ सीसीचं. गिअर बॉक्स मात्र जुन्या जीपचाच, तीन गिअरचा टी-९०. सेल्फ भंगार बाजारातून आणलेला. इंजिन एका घरचं, बॉक्स दुसऱ्या घरचा, सेल्फ तिसऱ्याच घरचा. तिघंही आपापल्या जागी धडधाकट आहेत. प्रश्न त्यांच्या ताकदीचा नाही.

आता नजर फ्लायव्हीलवर आणा. इंजिनाच्या मागच्या अंगाला बसलेली ही जड लोखंडी तबकडी. तिच्या कडेला दातांचं पोलादी कडं आहे. गॅरेजात त्याला नुसतं रिंग म्हणतात. ही रिंग बोल्टनं लावलेली नसते. ती थंड असताना फ्लायव्हीलवर चढतच नाही, इतकी तंग असते. मग तिला सगळीकडून सारखं तापवतात. सुमारे ३०० मिलिमीटर व्यासाची पोलादी रिंग २०० अंशांनी तापली, तर तिचा व्यास ०.७ मिलिमीटरच्या आसपास वाढतो. तेवढ्या फटीत ती अलगद खाली बसते आणि निवाली की जी आवळून धरते ती पुन्हा तापवेपर्यंत. हातोड्यानं जे होत नाही ते सारखी उष्णता आणि थोडा धीर करून जातो. या ०.७ मिलिमीटरवर क्षणभर मन ठेवा. साऱ्या जोडणीचा जीव एवढ्याशा जागेत असतो.

रिंगच्या दातांवरून मनानंच बोट फिरवा. सगळे दात सारखे झिजलेले नाहीत. दोनच जागी, समोरासमोर, दातांची टोकं बोथट झालेली लागतील. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कुठेही थांबत नाही. पुढच्या दाबापाशी त्याचा जोर संपतो आणि अर्ध्या फेऱ्याच्या अंतरावरच्या दोन ठिकाणांपैकी एका ठिकाणी ते विसावतं. म्हणून दर सकाळी सेल्फचा पहिला घाव त्याच त्या दातांवर बसतो. जाणता फिटर रिंग टाकून देत नाही. ती तापवून उतरवतो, पाव फेरा फिरवून पुन्हा चढवतो, आणि कामाचा भार न झिजलेल्या दातांवर जातो. झीज कुठे झाली हे ज्यानं नीट पाहिलं, त्यालाच ही वाट सुचते.

पुढे, दात मोजा. जुन्या विलिस जीपांत ९७ दातांची रिंग होती, नंतर १२४ दातांची आली, पुढे १२९ दातांचीही. ९७ दातांच्या रिंगचे दात जाड, १२४ दातांच्या रिंगचे बारीक. बाहेरून या दोन रिंगांचे सेल्फ सारखे दिसतात आणि बटण दाबलं की दोन्ही टेबलावर जोमानं फिरतात. पण जाड दातांसाठी घडलेलं सेल्फचं छोटं दातेरी चाक, पिनियन, बारीक दातांत सुखानं शिरत नाही. अमेरिकेत १९५५ साली आलेलं शेव्हरोलेचं आठ सिलिंडरचं छोटं ब्लॉक जगभरातल्या हौशी लोकांनी घरी बांधलं, आणि तिथेही हाच पेच आहे. त्याला १५३ दातांचं फ्लायव्हील लागतं किंवा १६८ दातांचं. एकाच्या सेल्फचे दोन बोल्ट सरळ रेषेत, दुसऱ्याचे तिरपे. शिवाय १९८६ पासूनच्या ब्लॉकला जुनं फ्लायव्हील बसत नाही, कारण क्रँकच्या शेवटाची घडणच बदलली. ‘बसतं का’ एवढं विचारून तिथेही भागत नाही. दात किती, व्यास किती, बोल्ट कुठे, तोल कुणाच्या हिशेबाचा, हे सगळं एकत्र जमावं लागतं. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून असतं.

आता या जोडणीच्या गाभ्याकडे येऊ. गिअर बॉक्समधून पुढे आलेला शाफ्ट पाहा. तो क्लच प्लेटच्या खाचांतून जातो आणि त्याचं बारीक टोक क्रँकच्या मागच्या भोकात, पायलट बेअरिंगमध्ये टेकतं. इंजिन आणि बॉक्स या दोन वेगळ्या वस्तू आहेत, पण त्यांच्या फिरण्याची रेषा एकच असावी लागते. इथे गंगाखेडच्या संत जनाबाईंचं जातं आठवा. खालची तळी स्थिर, वरची फिरती, आणि दोघींमध्ये एक खीळ. खीळ मधोमध असेल तर जातं हलकं चालतं. ती बोटभर सरकली तर दळणारीच्या खांद्याला कळतं. दगड दगडाला खातो आणि पिठात कच येते. दगड कितीही चांगला असला तरी खिळीची चूक तो भरून काढू शकत नाही.

आपल्या जीपमध्ये ही खीळ कुठे चुकू शकते? इंजिन आणि बॉक्स वेगळ्या घरचे, म्हणून दोघांमध्ये लेथवर बनवलेली अॅडॉप्टर प्लेट येते. तिच्या एका अंगाला इंजिनाच्या बोल्टांची भोकं, दुसऱ्या अंगाला बॉक्सची. टर्नरनं भोकं नेमकी पाडली तरी मधलं मोठं भोक क्रँकच्या केंद्राशी जुळलंय का, हे डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी फ्लायव्हीलवर डायल गेज लावून इंजिन हातानं एक फेरा फिरवतात आणि काटा किती हलतो ते पाहतात. सर्वसाधारण कामात केंद्रं एकमेकांपासून पाच थाऊपर्यंत सरकलेली चालतात. पाच थाऊ म्हणजे इंचाचे पाच हजारांश भाग, सुमारे ०.१३ मिलिमीटर, वहीच्या कागदाहून किंचित जाड. हा फेरा मनात सावकाश घ्या. काटा उजवीकडे जातो, थांबतो, परत येतो. गाडी बंद आहे, भार नाही, आवाज नाही. चूक दाखवून द्यायला याच्याइतकी चांगली वेळ पुढे कधीच येणार नाही.

काटा जास्त हलला तर डॉवेल काढून किंचित आड केंद्राच्या डॉवेल बसवतात आणि क्लचभोवतीचं हाऊसिंग हवं तेवढं सरकवतात. हे काम कंटाळवाणं आहे. दिवस मावळत आलेला असतो, गाडीवाला बाकड्यावर वाट पाहत असतो. अशा वेळी सोपी वाट म्हणजे बॉक्स उचलून लावणं, आणि तो शेवटची दोन बोटं जात नसेल तर बोल्ट आवळत आवळत ओढून घेणं. बोल्टमध्ये तेवढी ताकद असते. बॉक्स येतोही जवळ. फट दिसेनाशी होते, पाहणाऱ्याला वाटतं काम फत्ते. पण आत क्लच प्लेटचा मधला भाग वाकलेला असतो, पायलट बेअरिंग तिरकं दाबलं गेलेलं असतं, कधी बॉक्सचा कान तडकलेला असतो. पुढे क्लच नीट सुटत नाही, गिअर करकरतो, चढावर गिअर उडतो. दोष बॉक्सला दिला जातो, बॉक्स पुन्हा बांधला जातो, आणि त्रास तसाच राहतो. माझ्या मनाला सगळ्यांत जास्त लागतं ते हे, की जोरानं चूक मिटत नाही, ती फक्त झाकली जाते. आणि झाकलेल्या चुकीची किंमत बहुतेक वेळा निर्दोष भाग मोजतो.

इथे थोडं थांबा. आपणही माणसांना, कामांना, घरांना असं बोल्टनं ओढून जवळ आणलंय का, ते आठवू द्या. उत्तर लगेच हवं असं नाही.

मग सेल्फकडे वळा. पिनियन रिंगमध्ये शिरल्यावर दाताच्या टोकाशी आणि समोरच्या खाचेच्या तळाशी थोडी मोकळीक लागते, साधारण अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरची. कमी राहिली तर दात अडकतात, सेल्फ कण्हत फिरतो, कधी तसाच चिकटून बसतो. जास्त झाली तर दात टोकाटोकानंच एकमेकांना धरतात आणि लवकर तुटतात. सेल्फखाली पातळ पट्ट्यांचं पॅकिंग घालून किंवा काढून ही जागा राखतात. जवळ यायचं म्हणजे पूर्ण भिडायचं असा समज इथे चालत नाही. मोकळीक हा जोडणीतला दोष नाही; ती जोडणीचाच भाग आहे आणि तीही मोजूनच ठेवावी लागते.

सेल्फची खरी परीक्षा परभणीची थंडी घेते. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. अशा पहाटे तेल घट्ट झालेलं असतं आणि बॅटरी मंदावलेली. जुन्या पेट्रोल इंजिनात हवा साडेसहा पटींच्या आसपास दाबली जायची. या डिझेल इंजिनात ती वीस पटींहून जास्त दाबावी लागते. पेट्रोलच्या जमान्यातला सेल्फ इथे कमी पडला तर तो वाईट नाही, त्याला या भारासाठी घडवलेलंच नाही. त्याची बदली करणं म्हणजे त्याचा अपमान नव्हे. प्रत्येकाला पेलेल तेवढंच ओझं देणं हाही जुळवण्याचाच एक भाग आहे.

आता सेल्फचं सर्वांत सुंदर काम पाहा. १२४ दातांच्या रिंगला दहा दातांचं पिनियन मानू. इंजिनाचा एक फेरा होतो तेव्हा सेल्फ बारापेक्षा जास्त फेरे घेतो. इंजिन मिनिटाला २०० फेऱ्यांनी फिरवायचं तर सेल्फला जवळजवळ अडीच हजार फेरे घ्यावे लागतात. मग इंजिन पेटतं, स्वतःच्या बळावर ८०० फेऱ्यांवर जातं. या क्षणी पिनियन धरून राहिलं तर सेल्फला मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फिरावं लागेल, आणि आतली गुंडाळी फाटून जाईल. म्हणून पिनियनला पुढे सारणारं बेंडिक्स एकाच दिशेनं जोर देतं. इंजिन पुढे गेलं की ते सुटतं आणि मागे आपल्या जागी येतं. ज्यानं उठवलं त्यानंच वेळेवर बाजूला व्हायचं, अशी त्याची घडणच आहे. आईबाप, शिक्षक, उस्ताद यांच्या वाट्याला हे काम येतं. सुटायची सोय आधीच केलेली नसेल, तर मदत करणारा आणि ज्याला मदत केली तो, दोघांचंही नुकसान होतं.

एक जुळणी अजून उरली. इंजिनावर नंबर कोरलेला असतो आणि आरसी बुकातही एक नंबर असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं ५२ वं कलम सांगतं की इंजिन बदललं तर आरटीओची मंजुरी हवी. परभणीच्या एमएच २२ च्या पाटीमागे दुसरंच इंजिन धावत असेल, तर अपघाताच्या दिवशी विम्याचा प्रश्न उभा राहतो, आणि रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला त्याची झळ लागते. आतलं काम कितीही चोख असो, आपण काय बदललं हे उघडपणे सांगितल्याशिवाय जोडणी पुरी होत नाही. ही मला नुसती कागदाची अट वाटत नाही. गाडी रस्त्यावर आली की ती एकट्या मालकाची राहत नाही.

आता मनातला बॉक्स उचला. दोन माणसं लागतील. शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांत जाऊ द्या. अडला तर ढकलू नका. मागचा फ्लॅन्ज हातानं किंचित फिरवा, बॉक्स थोडा वर, थोडा खाली करा. केंद्र जमलं असेल तर तो स्वतःच्या वजनानं पुढे सरकेल आणि हाऊसिंग प्लेटला सगळीकडून सारखं टेकेल. एकेक बोल्ट बोटांनी फिरवा. तो शेवटपर्यंत बोटांनी जायला हवा. गेला नाही, तर पाना हातात घेऊ नका. बॉक्स परत खाली घ्या आणि पुन्हा मोजा. अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या. पान्याचं काम जमलेलं धरून ठेवायचं आहे. न जमलेलं जमवण्याचं काम त्याच्याकडे कधीच देऊ नका.