मी गाळलेलं पान

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये 17:16-34



आजचा उतारा मी कितीतरी वेळा वाचलाय. या वेळी मात्र वाचताना मागच्या डिसेंबरातली एक संध्याकाळ आठवली आणि लाज वाटली.

ख्रिसमसच्या आधी आमच्या तरुण संघाने मित्रमैत्रिणींसाठी कार्यक्रम ठेवला होता. लाइट्स, गिटार, ड्रम्स, सगळं होतं. संदेश माझ्याकडे होता. गव्हाणीपासून सुरू करून वधस्तंभापर्यंत जायचं, असं मी लिहिलं होतं. तालमीला कोणीतरी म्हणालं, "पाप, पश्चात्ताप वगैरे काढ ना. बाहेरची मुलं येणारेत." मला ते पटलं नव्हतं, पण सोयीचं वाटलं. मी शेवटचं पान गाळलं. उरलं ते एवढंच: देवाचं तुझ्यावर प्रेम आहे, स्वतःला कमी लेखू नकोस.

टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या टपरीवर ऑफिसमधला मित्र म्हणाला, "छान बोललास रे. पण हे तर आपल्या एचआरच्या सेशनमध्येही सांगतात. मला एक सांग, तुमचा येशू मेला कशासाठी?"

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

आता पौलाकडे बघा. अथेनैत तो काय करतो? आधी शहरभर फिरतो. अज्ञात देवासाठी बांधलेली वेदी त्याला दिसते, आणि तो तिथूनच बोलायला सुरुवात करतो. त्यांच्याच कवींचा आधार घेतो. म्हणजे भाषा त्यांची, उदाहरणं त्यांची. पण तो तिथे थांबत नाही. पश्चात्ताप, न्यायाचा दिवस आणि मेलेल्यांतून उठलेला येशू, इथपर्यंत तो जातो. पुनरुत्थानाचं नाव काढताच काही लोक थट्टा करू लागतात. हे वाक्य गाळलं असतं तर पौलाचं भाषण अथेनैत फार गाजलं असतं!

मग जुनं तेवढंच खरं, असं म्हणायचं का? आमच्या आजीला चर्चमधली गिटार आवडत नाही. तिच्या मते भक्ती म्हणजे टाळ आणि नारायण वामन टिळकांची भजनं. पण टिळकांचा बाप्तिस्मा झाला 1895 साली. तेव्हा मराठी मंडळीच्या उपासनेवर परदेशी चालींची मोठी छाप होती. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या या माणसाने येशूला अभंगात, भजनात, कीर्तनात आणलं. आज आजीला जे जुनं वाटतं, ते एकेकाळी नवंच होतं. त्याही आधी, 1616 साली, गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. मराठी ओव्यांमधलं पुराण! पण त्या पुराणात दुःखसहन आहे, वधस्तंभ आहे, पुनरुत्थानही आहे. ओवी आपली घेतली म्हणून गोष्ट अर्धी सांगितली नाही.

कृत्यांच्या 15व्या अध्यायात हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. परराष्ट्रीयांनी तारणासाठी आधी सुंता करून घ्यावी, असं काहींचं म्हणणं होतं. यरुशलेमच्या सभेने ते ओझं त्यांच्यावर लादलं नाही. म्हणजे सुवार्ता दोन्हीकडून बिघडते. आपल्या चालीरीती तिच्यात मिसळून त्यांनाच सत्य म्हटलं तरी बिघडते, आणि ऐकणाऱ्याला अवघड वाटेल म्हणून तिचा गाभा काढून घेतला तरी बिघडते. आजीने गिटारीला नाकं मुरडणं ही पहिली चूक. माझं गाळलेलं पान ही दुसरी, आणि ती जास्त मोठी.

आता संदेश लिहिताना मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: मी हे काढतोय ते समोरच्याला समजत नाही म्हणून, की मला सांगायची लाज वाटते म्हणून? समजत नसेल तर सोपा शब्द शोधायचा, दुसरं उदाहरण द्यायचं, हवं तर रॅप करायचं. पण लाज वाटत असेल, तर नेमकं तेच ठेवायचं.

त्या रात्री टपरीवर मी गाळलेलं पान अडखळत, तोंडी सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, त्याचे बाबा गेले तेव्हा दोघांमध्ये दोन वर्षं बोलणं नव्हतं. आता माफी मागायची तरी कोणाकडे? तो आला होता तोच हा प्रश्न घेऊन. आणि मी त्याला स्टेजवरून सांगत होतो की तू जसा आहेस तसा छान आहेस.

तो ख्रिस्ती झाला वगैरे काही नाही. "परत कधीतरी बोलू यावर," एवढंच म्हणाला आणि बाइकला किक मारून गेला. 32वं वचन पुन्हा वाचा. अथेनैतही काही जण असंच म्हणाले होते. मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो. तुम्हीही करा.

प्रार्थना: प्रभू येशू, माझ्या शहराची भाषा मला शिकव. आणि त्या भाषेत तुझ्या वधस्तंभाविषयी बोलायचं धैर्यही दे. लोकांना आवडावं म्हणून मी जे गाळलं, त्याची मला क्षमा कर. आमेन.