बेल्टेन : दोन आगींमधली वाट

आयर्लंड, स्कॉटलंड आणि आइल ऑफ मॅन या गेलिक भाषांच्या मुलखात १ मे हा उन्हाळ्याचा पहिला दिवस मानला जाई. त्या दिवसाचा सण म्हणजे बेल्टेन. दिवस आदल्या सूर्यास्तापासून मोजण्याची रीत असल्याने सणाला ३० एप्रिलच्या संध्याकाळीच आरंभ होई. ख्रिस्ती धर्म येण्याआधीपासून चालत आलेल्या या सणाची आजची प्रचलित ओळख 'प्रजननाचा वसंतोत्सव' अशी आहे: रानात रात्र काढणारी तरुण जोडपी, फुलांचा मुकुट घातलेली मे-राणी, लिंगाचे प्रतीक म्हणून रोवलेला खांब, धरती आणि सूर्य यांचे मीलन. जुन्या नोंदी चाळल्या तर यातले फारच थोडे हाती लागते. तिथे पानोपानी भेटते ती गाय. आणि तिची वाढ व्हावी या इच्छेपेक्षा तिचे काही वाईट होईल ही धास्ती अधिक.

गेलिक वर्षाचे मुख्य भाग दोन. १ नोव्हेंबरच्या साउइनपासून हिवाळा आणि बेल्टेनपासून उन्हाळा. फेब्रुवारीतला इम्बोल्क आणि ऑगस्टमधला लुनासा हे सण या दोहोंच्या मध्ये येत. ही विभागणी अयनदिनांशी किंवा विषुवदिनांशी जुळत नाही. ती जुळते गुरांच्या फेऱ्याशी. हिवाळाभर अपुऱ्या चाऱ्यावर तगवलेली जनावरे मेच्या आरंभी डोंगरावरच्या कुरणांत नेली जात आणि साउइनच्या सुमारास खाली आणली जात. वरच्या झोपड्यांत बहुधा तरुण मुली आणि पोरे राहत, दूध काढीत, लोणी घुसळीत. प्राचीन आयरिश कायद्यात दंड दुभत्या गायींत मोजला जाई. आयर्लंडची सर्वांत प्रसिद्ध वीरकथा 'तान बो कुअल्न्ये' हिचा विषयही एका वळूसाठी केलेली चढाई हाच आहे. अशा समाजात कळप वर निघण्याचा दिवस म्हणजे घरातली सगळी पुंजी उघड्यावर पाठवण्याचा दिवस. पुढे जमीनदारी आली तेव्हा खंडाचे हप्तेही १ मे आणि १ नोव्हेंबर याच तारखांना पडू लागले.

बेल्टेनच्या विधीची सर्वांत महत्त्वाची जुनी नोंद 'सनस कोर्माक' या शब्दकोशात आहे. हा कोश मन्स्टरचा राजा आणि बिशप कोर्माक मॅक कुलेनान (मृत्यू ९०८) याच्या नावावर सांगितला जातो. ड्रुइड पुरोहित मंत्र म्हणत दोन आगी पेटवीत आणि वर्षभराच्या रोगांपासून रक्षण व्हावे म्हणून गुरे त्या दोन आगींच्या मधून हाकीत, एवढेच तिथे सांगितले आहे. कोर्माकच्या नोंदीत वधू-वर नाहीत, नृत्य नाही, पिकाचा उल्लेख नाही. पुढच्या हजार वर्षांतील वर्णनेही याच दिशेने जातात. कर्नाटकात म्हैसूर-मंड्या भागात संक्रांतीला सजवलेल्या गुरांना जाळावरून उडी घ्यायला लावतात. त्या प्रथेचा आणि बेल्टेनचा कोणताही ऐतिहासिक संबंध जोडण्याची गरज नाही. गुरे हीच दौलत असलेल्या माणसांना आगीचा असा उपयोग दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकतो.

सतराव्या शतकात इतिहासकार जेफ्री कीटिंग (शाथरून केटिन) याने या चित्रात भर घातली. आयर्लंडच्या मध्यभागी, वेस्टमीथ परगण्यातील उशनाख टेकडीवर दर बेल्टेनला मोठा मेळा भरे आणि बेल नावाच्या देवाला आहुती दिली जाई, असे त्याने लिहिले. कीटिंग शिकलेला पाद्री होता. बायबलमधला बाल हा मूर्तिपूजकांचा देव त्याच्या पिढीच्या कोणाही विद्वानाच्या ओळखीचा होता, आणि 'बेल' म्हणताच तो आठवणे साहजिक होते. तेव्हापासून बेल्टेनचा बालशी जोडलेला संबंध पुढची दोनशे वर्षे पाद्र्यांच्या लेखनातून सुटला नाही.

आग पेटवण्याचेही नियम होते. स्कॉटिश डोंगराळ भागात आदल्या रात्री सगळ्या घरांतल्या चुली विझवीत. नवी आग चकमकीने नव्हे, तर लाकडावर लाकूड घासून काढीत आणि त्या एकाच आगीतून प्रत्येक घरी विस्तव जाई. पीटचा, म्हणजे दलदलीतून काढलेल्या इंधनाचा, निखारा राखेखाली सांभाळून चूल वर्षभर विझू न देणाऱ्या घरांच्या दृष्टीने ती मुद्दाम थंड करणे ही लहान गोष्ट नव्हती.

सर्वांत तपशीलवार वर्णने अठराव्या शतकातली आहेत. वेल्श निसर्गअभ्यासक थॉमस पेनंट १७६९ मध्ये स्कॉटलंडमध्ये फिरला. पर्थशायरमध्ये त्याने ज्या विधीची माहिती घेतली तो गुराख्यांचा होता. गुराखी जमिनीत चौकोनी चर खणीत आणि मधला हिरवळीचा तुकडा तसाच ठेवीत. त्यावर लाकडे पेटवून अंडी, लोणी, ओटचे पीठ आणि दूध यांची दाट कांजी शिजवीत. सोबत बिअर आणि व्हिस्की असे. आधी थोडी कांजी जमिनीवर ओतायची. मग प्रत्येकाने ओटची पोळी हातात घ्यायची. तिच्यावर नऊ चौकोनी उंचवटे असत आणि एकेक उंचवटा एकेका शक्तीच्या नावाचा. आगीकडे तोंड करून एक तुकडा मोडायचा, खांद्यावरून मागे टाकायचा आणि म्हणायचे, हा तुला, माझे घोडे सांभाळ. हा तुला, माझी मेंढरे सांभाळ. रक्षकांची यादी संपली की तीच पोळी कोल्ह्याला, कावळ्याला आणि गरुडाला दिली जाई, कोकरांना हात लावू नका अशी विनवणी करत. राखणदार आणि चोर यांना एकाच पोळीतून वाटा देणारा हा व्यवहार मेंढपाळाच्या पोटातून आलेला आहे. त्यासाठी कोणत्याही गूढ तत्त्वज्ञानाची जरुरी नाही.

कॅलंडर गावच्या पाद्र्याने १७९०च्या दशकात 'स्टॅटिस्टिकल अकाउंट ऑफ स्कॉटलंड'साठी लिहिलेली हकीकत अधिक गाजली. तिथे माळावर जमत ती मुले. तीही हिरवळीत गोल चर खणून बसत, दूध-अंडी शिजवीत, पोळी भाजीत. पोळीचे जितकी मुले तितके तुकडे करून एक तुकडा कोळशाने काळा करीत आणि सगळे टोपीत टाकून डोळे बांधून उचलीत. काळा तुकडा ज्याच्या वाट्याला येई त्याने जाळावरून तीन उड्या मारायच्या. पाद्र्याच्या मते हा मूळच्या नरबळीचा अवशेष होता, आणि बळी अर्थात बालला. बळीची शक्यता कोणी पूर्णपणे खोडून काढू शकत नाही, पण त्या माळावर जे घडत होते तो पोरांचा खेळ होता. बळी पाद्र्याच्या वाचनातून आला होता. बेल्टेनच्या अभ्यासात ही गोष्ट पुन्हापुन्हा घडते.

आगीखालोखाल महत्त्व होते दुधाला. मे महिन्याच्या पहिल्या पहाटे शेजारी आपल्या गायीचे 'नशीब' पळवून नेईल, मग वर्षभर कितीही घुसळले तरी लोणी धरणार नाही, ही भीती आयर्लंडमध्ये विसाव्या शतकापर्यंत टिकून होती. म्हणून त्या दिवशी घरातून विस्तव, दूध, लोणी, मीठ यांतले काहीही उसने द्यायचे नाही. विहिरीवरचे पहिले पाणी, म्हणजे विहिरीवरची साय, दुसऱ्याने काढू नये यासाठी लोक रात्रभर पहारा ठेवीत. शेजाऱ्याच्या कुरणातल्या दवावरून दोरी किंवा फडके ओढत नेणारी बाई दिसली तर ती लोणीच ओढून नेते आहे असे समजायचे. लोणी वाढावे म्हणून मेलेल्या माणसाच्या हाताने दूध ढवळल्याच्या कथाही आहेत. ससा गोठ्याजवळ दिसला की ती चेटकीण. हा समज इतका जुना आहे की बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स यानेच त्याला जुनी तक्रार म्हटले आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश फोकलोअर कमिशनने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून लोककथा आणि प्रथा लिहून आणायला सांगितल्या. त्या वह्यांतही मे महिन्याच्या पहिल्या दिवसाची आठवण निघते ती मुख्यतः अशा बंदोबस्ताची.

फुलेसुद्धा त्याच बंदोबस्ताचा भाग होती. दारात, गोठ्याच्या उंबऱ्यावर, कधी गायीच्या शेपटीला पिवळी फुले बांधीत: प्रिमरोज, गॉर्स, दलदलीतला मार्श मॅरिगोल्ड. फुलांचा पिवळा रंग लोण्याचा. आइल ऑफ मॅनमध्ये रोवन झाडाच्या काटक्यांचा क्रूस दारावर लावीत. तो करताना सुरीचा स्पर्श होऊ द्यायचा नसे. आयर्लंडमध्ये हॉथॉर्नचे झुडूप दारासमोर रोवून त्यावर रंगीत चिंध्या आणि अंड्यांची टरफले अडकवीत. हॉथॉर्नची फुले घरात आणणे मात्र अशुभ. त्यांच्या वासात ट्रायमेथिलअमाइन हे रसायन असते आणि कुजणाऱ्या मांसातही तेच. १७५२ मध्ये ब्रिटनने ग्रेगोरियन कॅलेंडर स्वीकारले, अकरा दिवस गळाले आणि १ मे हॉथॉर्नच्या बहराआधी येऊ लागला. मेच्या पहाटेच्या दवाने तोंड धुतले की कांती उजळते ही समजूत मात्र शहरांतही होती. लंडनच्या सॅम्युअल पेप्सने २८ मे १६६७ च्या रोजनिशीत बायको दव गोळा करण्यासाठी वूलिचला गेल्याची नोंद केली आहे. एडिंबराच्या आर्थर्स सीट टेकडीवर दवाने तोंड धुणारे अजूनही जातात.

मग प्रजनन आले कुठून? एक उगम इंग्लंडमध्ये आहे. मेपोल, म्हणजे फुलापानांनी सजवून रोवलेला उंच खांब, ही गेलिक प्रथा नव्हे. ती इंग्लंड, जर्मनी, स्कँडिनेव्हिया या पट्ट्यातली. १५८३ मध्ये प्युरिटन लेखक फिलिप स्टब्ज याने तक्रार केली की मेच्या रात्री रानात गेलेल्या मुलींपैकी जेमतेम एक-तृतीयांश कुमारिका म्हणून परततात. तो स्वतः मोजायला गेला नव्हता. थॉमस हॉब्जने 'लेव्हायथन' (१६५१) मध्ये मेपोलला रोमन देव प्रायापसच्या मिरवणुकीशेजारी बसवले, आणि खांब म्हणजे लिंग हे समीकरण तिथून पुढे चालू झाले. संसदेने १६४४ मध्ये मेपोलवर बंदी घातली होती. राजेशाही परतल्यावर १६६१ मध्ये लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर १३४ फुटी खांब उभारला गेला. तो शेवटी काढला तेव्हा लाकूड आयझॅक न्यूटनने घेतले आणि ते एका मोठ्या दुर्बिणीच्या आधाराला लागले. रंगीत फिती विणत खांबाभोवती फिरणारी मुले हे चित्र, ज्याला आज 'प्राचीन' म्हणतात, ते एकोणिसाव्या शतकात रंगभूमीवरून शाळांत आले. मे-राणीच्या शालेय समारंभाला प्रतिष्ठा मिळाली ती १८८१ मध्ये जॉन रस्किनने लंडनच्या व्हाइटलँड्स कॉलेजात तो सुरू केल्यावर.

इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी 'स्टेशन्स ऑफ द सन' (१९९६) मध्ये दाखवून दिले की स्टब्जच्या आरोपाला चर्चच्या जन्मनोंदींचा आधार मिळत नाही. मे-उत्सवामागोमाग गर्भधारणा वाढल्याचे त्यांत दिसत नाही. त्याहून बोलका पुरावा समजुतींत आहे. ब्रिटनमध्ये मे हा लग्नाला वाईट महिना मानला जाई, आणि ही धारणा रोमन कवी ओव्हिडच्या काळीही होती. प्रजननाचा म्हणून गाजलेल्या महिन्यात लग्न टाळायचे, हे कोडे रोमपुरते सुटते, कारण तिथे मेमध्ये मृतात्म्यांचा लेमुरिया येई. फुलांची देवी फ्लोरा हिचा उच्छृंखल उत्सव, फ्लोरालिया, रोममध्येच २८ एप्रिलला सुरू होई. पण त्याची आणि बेल्टेनची सांगड तारखेपलीकडे लागत नाही. इंग्लंडच्या लोकप्रथांत कामुक इशारे अजिबात नाहीत असे नव्हे: कॉर्नवॉलमधल्या पॅडस्टो गावात १ मे रोजी काळ्या घोंगडीतला 'ऑब्बी ऑस' नाचतो आणि त्याच्या झालरीखाली सापडलेल्या मुलीचे वर्षात लग्न होते किंवा तिला दिवस जातात, असे गावकरी सांगतात. या खेळाची नोंद मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासूनची आहे.

दुसरा उगम ग्रंथालयात. जर्मन अभ्यासक विल्हेल्म मानहार्ट याने १८७५ ते १८७७ मध्ये युरोपातल्या शेतकऱ्यांच्या प्रथांमागे वनस्पतींत वसणाऱ्या आत्म्याची पूजा पाहिली. जेम्स फ्रेझरने 'द गोल्डन बाव' (१८९०) मध्ये ती कल्पना जगभर पसरवली. पुढच्या आवृत्तींत पेनंटची पोळी आणि कॅलंडरची पोरे याच धाग्यात ओवली गेली. मग कोलकात्यात जन्मलेल्या मार्गारेट मरे यांनी १९२१ मध्ये चेटकिणींचा एक गुप्त प्रजननधर्म मध्ययुगभर जिवंत होता असे मांडले आणि त्याच्या मोठ्या मेळाव्यांत मेची पूर्वसंध्या धरली. इतिहासकारांनी हे मत कधीच टाकून दिले. पण श्रीलंका आणि मलायात आयुष्य काढून इंग्लंडला परतलेल्या जेराल्ड गार्डनर यांनी ते उचलले. १९५४ च्या 'विचक्राफ्ट टुडे'पासून विक्का हा नवा पंथ रूपाला आला. या पंथाच्या आठ सणांच्या वर्षचक्रात बेल्टेन देव-देवीच्या मीलनाचा दिवस ठरला. एका अर्थी फ्रेझरचे अनुमान चुकले नाही, उशिरा खरे झाले: ज्यांनी त्याची पुस्तके वाचली त्यांनी तो सण तसाच साजरा करायला घेतला. १९७३ च्या 'द विकर मॅन' चित्रपटाने हे रूप सिनेमाच्या प्रेक्षकांपर्यंत नेले.

आजचे सोहळे या दोन्ही धाग्यांचे मिश्रण आहेत. एडिंबराच्या कॅल्टन हिलवर १९८८ मध्ये 'टेस्ट डिपार्टमेंट' या वाद्यवृंदातील अँगस फार्कर आणि सहकाऱ्यांनी बेल्टेन फायर फेस्टिव्हल सुरू केला. ३० एप्रिलच्या रात्री ढोलांच्या गजरात मे-राणी आणि पानांनी मढलेला ग्रीन मॅन मिरवतात. प्रेक्षक तिकीट काढून येतात आणि गुरे कुठेच नसतात. उशनाखवर २००९ पासून पुन्हा आग पेटते. आयर्लंडमध्ये मे महिन्याचा पहिला सोमवार १९९४ पासून सार्वजनिक सुट्टीचा आहे. तिचे निमित्त मात्र कामगार दिनाचे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील नवपेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्म नव्याने पाळणाऱ्या, मंडळींनी सण ऋतूला जोडून घेतला आहे. तिथे वसंत ऑक्टोबरअखेरीस बहरात असतो, म्हणून जगात इतरत्र हॅलोविन चालू असताना बेल्टेन साजरा होतो.