गोळ्या कमी कोण करणार?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नवी गोळी लिहिलेली असते, जुन्या गोळीचा डोस वाढवलेला असतो. पण ‘ही गोळी आता बंद’ असं लिहिलेलं फार क्वचित दिसतं. सत्तरीतल्या कुणाचीही फाइल उघडून पाहावी. रक्तदाबाची गोळी एका डॉक्टरांनी सुरू केलेली, मधुमेहाची दुसऱ्यांनी. गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांनी काही दिलेलं, अँजिओप्लास्टीनंतर हृदयरोगतज्ज्ञांनी आणखी चार गोळ्या घातलेल्या, आणि या सगळ्यांनी पित्त होतं म्हणून सकाळी अनशापोटी घ्यायची एक वेगळीच. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असते. बेरीज मात्र कुणीच केलेली नसते. उतारवयातल्या आजारपणाचा आजचा सर्वांत मोठा प्रश्न मला हाच वाटतो. ती बेरीज करण्याचं काम आपण ज्याला ते सर्वांत कमी जमेल त्याच्यावर, म्हणजे रुग्णावर सोडलं आहे.

एका माणसाला एकाच वेळी दोन-तीन जुनाट आजार असणं हा म्हातारपणातला अपवाद नाही, रीतच आहे. स्कॉटलंडमधल्या सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी तपासून २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६५ ते ८४ या वयोगटातल्या जवळपास ६५ टक्के लोकांना एकाहून अधिक दीर्घकालीन आजार होते. गरीब वस्त्यांमध्ये ही वेळ सुखवस्तू वस्त्यांपेक्षा दहा ते पंधरा वर्षं आधी येत होती. तरीही वैद्यकशास्त्राची रचना अवयवागणिक आहे. हृदयाचा विभाग वेगळा, मूत्रपिंडाचा वेगळा, हाडांचा वेगळा. उपचारांच्या मार्गदर्शक सूचनाही एकेका आजारापुरत्या लिहिलेल्या असतात.

या सूचना तंतोतंत पाळल्या तर काय होईल, याचा हिशोब सिंथिया बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली अमेरिकेत मांडला. त्यांनी ७९ वर्षांची एक काल्पनिक स्त्री घेतली. तिला रक्तदाब, मधुमेह, ठिसूळ हाडं, सांधेझीज आणि फुप्फुसांचा जुना विकार असे पाच आजार दिले. सगळे मध्यम स्वरूपाचे, घरोघरी आढळणारे. प्रत्येक आजाराची सूचना जशीच्या तशी लागू केल्यावर तिच्या वाट्याला १२ औषधं आली. दिवसातून पाच वेगवेगळ्या वेळी मिळून १९ डोस. शिवाय पथ्य, व्यायाम, तपासण्या वेगळ्याच. यात कुठल्याही डॉक्टरची चूक नव्हती. सगळं नियमाप्रमाणे होतं आणि म्हणूनच ते काळजी वाढवणारं आहे.

आकड्यांपेक्षा गोळ्यांची साखळी पाहिली की धोका नीट कळतो. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन ही आपल्याकडे सर्रास दिली जाणारी गोळी. स्वस्त आहे, चांगली आहे. पण काही जणांच्या घोट्यांवर तिने सूज येते. सूज दिसली की ‘पाण्याची गोळी’ सुरू होते. गोळीमुळे आलेली ही सूज पाण्याच्या गोळीने फारशी उतरत नाही. मात्र लघवीला वारंवार जावं लागतं, काही वृद्धांच्या रक्तातलं सोडियम घटतं, उभं राहताना चक्कर येते. काहींचं युरिक अॅसिड वाढून पायाचा अंगठा ठणकू लागतो. मग वेदनाशामक येतं. बरीचशी वेदनाशामकं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात आणि रक्तदाब वाढवतात. पुढच्या भेटीत रक्तदाब वाढलेला दिसतो आणि त्यावर आणखी एक गोळी. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या संशोधकांनी नव्वदच्या दशकातच या साखळीचं वर्णन करून ठेवलं आहे: औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजला जातो आणि त्यावर नवं औषध दिलं जातं. पहिल्या सुजेच्या वेळी ‘गोळी बदलून पाहू’ एवढं कुणी म्हटलं असतं, तर पुढचं सारं टळलं असतं. आणि रात्री बाथरूमला जाताना म्हातारं माणूस चक्कर येऊन पडलं, खुब्याचं हाड मोडलं, तर त्या घरातले सगळेच पुढचे महिने त्या एका रात्रीची किंमत मोजत राहतात.

चिठ्ठीवर जे येत नाही त्याचं काय? मेडिकलमधून परस्पर आणलेली अंगदुखीची गोळी डॉक्टरांना कुणी सांगत नाही. खोकल्यासाठी रोज घेतलं जाणारं ज्येष्ठमध तर औषध म्हणून मोजलंच जात नाही. पण ते जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी घरात येतं आणि दोन्ही घेतली जातात, हेही सर्रास घडतं.

माझ्या ओळखीच्या, सत्तरी ओलांडलेल्या एक बाई तालुक्याला दाखवायला जाण्याच्या दिवशी पाण्याची गोळी घेतच नसत. एसटीचा दीड-दोन तासांचा रस्ता, वाटेत बायकांनी जावं असं स्वच्छतागृह नाही. त्या पाणीही पीत नसत. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दुपार व्हायची, रक्तदाब वाढलेला असायचा आणि डॉक्टर डोस वाढवून द्यायचे. गोळी का घेतली नाही हे त्यांनी सांगितलं नाही, कारण ‘आज गोळी घेतली का?’ असं त्यांना कुणी विचारलंच नाही. ही बाई हट्टी नव्हती, अडाणीही नव्हती. तिच्या आयुष्यात बसेल असा उपचार तिला मिळालेला नव्हता.

उपचारांचंही ओझं असतं, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉक्टर व्हिक्टर माँटोरी आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी २००९ साली आग्रहाने मांडलं. रुग्णाच्या जगण्यात कमीत कमी ढवळाढवळ करणारं वैद्यक हवं, अशी त्यांची मागणी होती. आपल्याकडे हे ओझं बहुधा घरातल्या बाईच्या डोक्यावर असतं. मधुमेहासाठी भात कमी, रक्तदाबासाठी मीठ कमी. मूत्रपिंड अधू म्हणून डाळी मोजून, आणि रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन चालू असेल तर पालेभाजीचं प्रमाणही रोज सारखंच ठेवायचं. मग ताटात वाढायचं काय? हा प्रश्न ती कुणाला विचारणार? चार तज्ज्ञांची चार पथ्यं एकत्र बसवून रोज दोन वेळचा स्वयंपाक करणं हेही वैद्यकीय कामच आहे, आणि ते कुठल्याच हिशोबात धरलं जात नाही.

यावर एक आक्षेप निघेल आणि तो खरा आहे. आपल्या देशात असंख्य लोकांना रक्तदाब किंवा मधुमेह असल्याचं माहीतच नसतं. तिथे गोळ्या कमी करण्याची भाषा कशाला? पण ज्या व्यवस्थेत एकाला मुळीच औषध मिळत नाही, त्याच व्यवस्थेत दुसऱ्याला नको इतकं मिळतं; दोन्हींचं कारण एकच. संपूर्ण माणसाची जबाबदारी घेणारं कुणी नाही. शिवाय जास्त उपचार म्हणजे चांगले उपचार, हेही खरं नाही. मधुमेहींची साखर फार कडक आटोक्यात आणली तर काय होतं, हे पाहणाऱ्या ‘अॅकॉर्ड’ या अमेरिका-कॅनडातल्या प्रयोगात दहा हजारांहून अधिक लोक होते. कडक उपचारांच्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले, म्हणून २००८ साली तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. आता थकलेल्या, अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी साखरेचं उद्दिष्ट सैल ठेवावं, असं जाणकार सांगतात. त्यांच्या बाबतीत रात्री साखर अचानक उतरणं जास्त घातक असतं.

सरकारी योजनांचा रोखही मला चुकीच्या जागी वाटतो. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांच्या आणि त्यावरच्या वृद्धांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं. हे मोठं पाऊल आहे. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावरचं. रोजच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टरांची फी यांना ते लागू नाही. आणि जुनाट आजारांचा खर्च मुख्यतः तिथेच होतो. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना निवृत्तिवेतनात केंद्राकडून ८० वर्षांपर्यंत महिन्याला २०० रुपये येतात. राज्याची भर धरूनही ती रक्कम औषधं आणि जेवण दोन्हींना पुरत नाही. मग एक दिवसाआड गोळी घेतली जाते आणि डॉक्टरांना वाटतं, औषध लागू पडत नाही.

मला हवं आहे ते फार खर्चिक नाही. प्रत्येक वृद्धाचा एक डॉक्टर असावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातला किंवा गल्लीतला, पण नक्की ठरलेला. तज्ज्ञांनी सल्ला द्यावा, पण सगळ्या गोळ्यांची बेरीज-वजाबाकी करण्याचा अधिकार त्या एकाला असावा. वर्षातून एकदा त्याने अर्धा तास फक्त औषधांसाठी द्यावा आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे शासनाने द्यावेत. नवी गोळी लिहिताना जसं कारण असतं, तसं जुनी चालू ठेवण्यालाही कारण लागावं. आणि पहिला प्रश्न असावा, तुम्हाला काय जमायला हवं आहे? कुणाला रात्रीची सलग झोप हवी असेल, कुणाला पंढरपूरला एकदा चालत जायचं असेल. उपचारांचा क्रम त्या उत्तरावरून लागावा.

हे होईल तेव्हा होईल. तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांना पुढच्या वेळी दाखवायला न्याल, तेव्हा नुसती फाइल नेऊ नका. घरातली प्रत्येक स्ट्रिप, बाटली, चूर्ण, मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी, सगळं एका पिशवीत भरून न्या आणि टेबलावर ठेवा. यातली कोणती गोळी कशासाठी आणि कोणती कमी करता येईल, हे विचारा. मनाने मात्र एकही बंद करू नका. इन्सुलिन, स्टेरॉइड, हृदयाच्या काही गोळ्या अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना वेळ नसेल तर पुढची वेळ मागून घ्या, पण उत्तर घेतल्याशिवाय उठू नका.