मैत्रिणींची ना हरकत

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या मैत्रिणीच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. ती झाल्याचं मला रात्री व्हॉट्सॲपवरच्या फोटोतून कळलं. सोफ्यावर दाटीवाटीने बसलेल्या पाचजणी, सहावी मी, तेवढी त्यात नाही. फोन केला तर ती अगदी निर्मळपणे म्हणाली, “अगं, तुझा थिसिस चालू आहे ना! म्हटलं, उगाच कशाला तुला अडचणीत टाका. नाही म्हणताना तुलाच वाईट वाटलं असतं.” रागवावं असं यात काहीच नव्हतं. तरी चार दिवस ते वाक्य दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं टोचत राहिलं.

नोकरी सांभाळून पीएचडी करण्याची रड नव्याने सांगायला नको. आठवड्याला सोळा तास शिकवणं, पेपर तपासणी, नॅकच्या फायली, दर सत्राला सल्लागार समितीपुढे सादरीकरण, आणि घरी कुकरच्या शिट्ट्या. ज्यांनी केलं त्यांना ठाऊक आहे, ज्यांनी केलं नाही ते सुखी आहेत. मला खुपतं ते वेगळंच. प्रवेश घेताना नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र आणावं लागतं. गाईडची सही लागते. घरच्यांना निदान विचारावं तरी लागतं. मैत्रिणींची ना हरकत मात्र कोणी मागत नाही, आणि पहिली कुऱ्हाड पडते ती त्यांच्यावर.

याचा उलगडा मी माझ्या एका लाडक्या भेदाने करत आले आहे. वेळ वेगळा आणि सवड वेगळी. वेळ घड्याळात असतो, सवड डोक्यात. मंगळवारी दोन तासिकांच्या मध्ये मला पन्नास मिनिटं मिळतात. तो झाला वेळ. माझा विषय एका तालुक्यातल्या आठवडे बाजारांचा इतिहास. जुन्या वसुलीच्या नोंदी उघडायच्या, काल कुठे थांबलो ते शोधायचं, दोन गावांच्या आकड्यांत मेळ का बसत नाही याचा अंदाज येऊ लागायचा, तोच शिपाई नोटीसवही घेऊन दारात उभा. सही केली की तो अंदाज गेला, पुन्हा पहिल्यापासून. सवड म्हणजे पुढचे तीन तास कोणी हाक मारणार नाही याची खात्री. ती रविवारी मिळाली तर मिळते. आणि त्या एका सवडीवर हक्क सांगणारे दोघे, प्रबंध आणि मैत्री. प्रबंधाला मुदत आहे. 2022च्या यूजीसी नियमांप्रमाणे सहा वर्षं, मुदतवाढ दोन वर्षांची, आम्हा बायकांना वर आणखी दोन. मैत्रीला मुदत नाही. ज्याला मुदत नाही ते मागे पडतं, असा माझा सरळ हिशोब होता.

आमच्या कॉलेजातल्या वाणिज्य विभागाच्या सरांना हे पटत नाही. त्यांनी साडेतीन वर्षांत प्रबंध दिला. त्यांच्या मोबाइलमध्ये आठवड्याचे रंगीत चौकोन आहेत. संशोधनाचे हिरवे, अर्ध्या अर्ध्या तासाचे, रोज. “सवड-बिवड काही नसतं मॅडम. रोज अर्धा तास बसायचं. आणि मित्र तीन वर्षं बाजूला ठेवायचे. बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत बसायचे, ते काय कट्ट्यावर जाऊन?”

सरांचा विषय सांख्यिकीचा. त्यांची प्रश्नावली शंभरदा उघडली तरी तशीच राहते, माझी नोंदवही नाही राहत, हे मी त्यांना सांगितलं नाही. पण बाबासाहेबांचं उदाहरण त्यांनीच काढलं, तेव्हा ते पुरतं बघायला हवं. लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते 1917मध्ये परतले. नोव्हेंबर 1918मध्ये मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. 1920मध्ये पुन्हा लंडनला निघाले, ते पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि एका मित्राने दिलेलं कर्ज यांच्या बळावर. हा मित्र म्हणजे नवल भथेना, कोलंबियातल्या दिवसांपासूनचा पारशी दोस्त. लंडनमध्ये पैसे संपले की नवल यांना पत्र जायचं. प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला, तो मुंबईत राहून त्यांनी पुन्हा लिहिला आणि 1923मध्ये डी.एस्सी. मिळवली. या सगळ्याची घरी रमाबाईंनी काय किंमत मोजली, तो हिशोब निराळा आणि फार मोठा. पण मित्र त्यांनी ‘बाजूला ठेवला’ होता असं कुठे दिसत नाही.

हे सरांना ऐकवून मी जिंकले. घरी येताना मात्र पत्राचा मुद्दा मनातून जाईना. पत्राला किती सवड लागते? वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. म्हणजे सरांचा एक हिरवा चौकोन.

जरा विषयांतर करते. शोधगंगेवर कुणाचाही प्रबंध उघडला की मी आधी ऋणनिर्देश वाचते. गाईड, प्राचार्य, ग्रंथपाल, टंकलेखन करून देणारे, सगळ्यांना नावानिशी जागा असते. जोडीदाराला एक हळवा परिच्छेद. मित्रमंडळी येतात ती बहुतेक शेवटच्या ओळीत, ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे’ या गर्दीत. सहा वर्षांत ज्ञातांचे अज्ञात कधी होतात ते लिहिणाऱ्यालाही कळत नसावं.

तर त्या रात्री मी डायरी काढली. वास्तुशांतीच्या रविवारी मी करत काय होते? चौथं प्रकरण उघडलंही नव्हतं. दुपारभर संदर्भसूचीतले स्वल्पविराम सारखे केले होते आणि संध्याकाळी मोबाइलवर कुणीतरी सुरळीच्या वड्या करत होतं, ते बघितलं होतं. सवड भरपूर होती. ‘थिसिस चालू आहे’ हे वाक्य मी सोसायटीच्या मीटिंगला वापरलं, भाच्याच्या मुंजीला वापरलं, मैत्रिणीच्या ‘भेटू या गं’लाही वापरलं. तिने फक्त माझ्यावर विश्वास ठेवला. तक्रार करायची तर कोणाची?

मग आणखी एक आठवलं. दोन वर्षांपूर्वी स्वारगेटला एसटी चाळीस मिनिटं लेट होती, म्हणून मी हिलाच फोन लावला होता. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, नव्या घराचे हप्ते, कोण जाड झालं, असलंच बोलणं. मागे गाड्यांच्या घोषणा चालू होत्या, अर्धं ऐकू येत नव्हतं. तो फोन ती अजून काढते. त्यात सवड कुठे होती? नुसता वेळ होता, तोही एसटीने दिलेला.

म्हणजे माझा भेद खरा, पण मी तो चुकीच्या जागी लावला. सवड लागते ती संशोधनाला. मैत्री बिचारी वेळावर भागवते, अगदी मोडक्यातोडक्या वेळावरही. वर्षातून एखादाच दिवस असा येतो, कुणाचे वडील जातात, कुणाचा रिपोर्ट वाईट येतो, तेव्हा सगळं टाकून जाऊन बसावं लागतं. एका दिवसाने कुणाचा प्रबंध अडलेला नाही. सरांचे चौकोन बरोबर होते, रंग तेवढे उलटे भरले होते. हे त्यांना सांगण्याइतकी मी अजून मोठी झालेले नाही.

परवा तासिका संपल्यावर न कळवता मैत्रिणीच्या नव्या घरी गेले. पंचवीस मिनिटं बसले, उभ्यानेच चहा घेतला म्हटलं तरी चालेल. वास्तुशांतीचा उरलेला चिवडा तिने डब्यात भरून दिला.

तुमच्याही ओळखीत कुणाचा तरी थिसिस चालू असेल. तिला बोलवा. ती नाही म्हणेल, म्हणू द्या. ‘नाही’ तिचं आहे, तिच्या वतीने तुम्ही म्हणू नका.