अडवणारा स्पर्श

वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम उभे केले. १९३९ मध्ये संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन सेवाग्रामला आले आणि गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश करू लागले. ज्याला कुणी शिवत नव्हते त्याला जवळ घेतले, असा या घटनेचा अर्थ आपण लावतो आणि तो खराच आहे. पण कुष्ठरोग स्पर्शाविषयी आणखी एक गोष्ट शिकवतो. हा रोग मज्जातंतूंवर घाला घालतो. बोटे झडतात ती प्रामुख्याने संवेदना गेल्यामुळे, हे वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. तापलेले भांडे हाताला सोडायला सांगत नाही, रुतलेला खिळा पायाला थांबवत नाही, आणि जखमेवर जखम होत राहते. स्पर्श म्हणजे केवळ जवळीक नव्हे. आपल्या जोराला बाहेरून पडणारा अटकावही स्पर्शच असतो, हे त्या बधिर हातावरून कळते.

दूरनियंत्रित यंत्राने होणाऱ्या शस्त्रक्रियेचा प्रश्न याच ठिकाणी उभा राहतो. दा विंची यंत्राला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली. सर्जन रुग्णापासून काही पावलांवर बसतो, मूठ हलवतो आणि यंत्राचे बाहू त्याप्रमाणे हलतात. मात्र ऊती किती ताणली गेली हे त्याच्या बोटांना कळत नसे. पडद्यावर पाहूनच अंदाज बांधावा लागे. जोर मोजून तो हातापर्यंत पोहोचवणारी अवजारे असलेल्या दा विंची ५ ला मान्यता मिळाली ती मार्च २०२४ मध्ये. मधल्या काळातला सर्जनचा हात एका अर्थी बधिरच होता. कुष्ठरुग्णाची बधिरता त्याच्याच देहावर उलटते. इथे चूक झाली तर इजा होते दुसऱ्याला. भूल दिलेला माणूस ‘पुरे’ म्हणू शकत नाही. त्याच्या ऊतीचा विरोध एवढीच त्या वेळी त्याची हरकत असते. ती ऐकू येण्याची सोय करणे हा अहिंसेचा भाग आहे, असे मला वाटते.

यावर अनुभवी सर्जन म्हणतील की डोळे पुरतात, आणि अशा असंख्य शस्त्रक्रिया यशस्वी झाल्या आहेत. ते खरे आहे. पण ऊतीचा आकार बदलला की मगच डोळ्याला ताण दिसतो. चरख्यावर कातणाऱ्याची बोटे सूत तुटण्याआधीच सैल होतात, कारण ताण त्यांना आधी जाणवतो. टाका घालणाऱ्या हाताचेही तसेच आहे. डोळ्यांनी ताण ओळखण्याचे कौशल्य सरावाने येते हे मान्य, पण त्या सरावातल्या चुका रुग्णाने का सोसाव्यात?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. यंत्राकडून येणारा स्पर्श घडवलेला, म्हणून मायावी, असे कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. हाताला स्पर्श सलग वाटावा म्हणून जोराची माहिती सेकंदाला सुमारे हजार वेळा पाठवावी लागते. अंतर वाढले की विलंब होतो. ७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधल्या सर्जनने स्ट्रासबर्गमधल्या रुग्णाचे पित्ताशय काढले, तेव्हा विलंब सेकंदाच्या सुमारे सहाव्या भागाइतका होता. उशिरा आलेल्या विरोधाला हात उत्तर देतो, ते उत्तरही उशिरा पोहोचते आणि मूठ थरथरू लागते. ही थरथर शमवण्यासाठी अभियंते संकेत गुळगुळीत करतात. पण गुळगुळीतपणा वाढला की कठीण वस्तूची धारही बोथट भासते. तरीही एवढ्याने तो स्पर्श खोटा ठरत नाही. बौद्ध विचारात इंद्रिय, विषय आणि जाणीव एकत्र आले की स्पर्श घडतो. मधे हातमोजा आला म्हणून सर्जनचा स्पर्श कुणी खोटा मानत नाही. यंत्राने स्वतःची थरथर गाळावी, तो त्याचा दोष आहे. रुग्णाच्या देहाचा विरोध मात्र गाळू नये, कारण तो गाळला की विषयच नाहीसा होतो आणि उरतो तो भास. म्हणून काय आणि किती गाळले जाते हे सर्जनला माहीत असले पाहिजे. आणि विलंब हाताबाहेर गेला तर यंत्राने अंदाजाने संवेदना पुरवण्यापेक्षा थांबावे.

तिसरा आक्षेप सेवाग्रामच्या विचारातून येतो. ‘हिंद स्वराज्य’मध्ये, १९०९ साली, गांधीजींनी यंत्रे आणि डॉक्टर या दोहोंवर कठोर टीका केली. पण जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली ती त्यांच्या संमतीने, आणि शिवणयंत्र त्यांना मान्य होते. यंत्र माणसाच्या हाताला निकामी करते की साथ देते, ही त्यांची कसोटी इथेही लागू पडते. त्या कसोटीवर बधिर यंत्रापेक्षा जाणीव देणारे यंत्र श्रेष्ठ ठरते. मात्र त्याच्याकडून संयमाची अपेक्षा धरता येते, करुणेची नाही. परचुरे शास्त्रींना मिळालेला हात तारेतून पाठवता येणार नाही. म्हणून दुरून शस्त्रक्रिया करणाऱ्याने रुग्णाशी आधी आणि नंतर बोलणे, आणि खाटेशेजारी जबाबदार डॉक्टर असणे, हे सोयीवर सोडता येणार नाही. दुसऱ्याच्या देहाने आपल्याला अडवावे, ही तयारी ज्या हातात आहे त्यालाच शस्त्र धरण्याचा अधिकार आहे, मग तो हात जवळ असो वा दूर.